मालक शांत झोपले

गाद्यांच्या त्या दुकानात हॅलोताईंचं खरं नाव पगाराच्या कागदाखेरीज कुठेच उरलं नव्हतं. लग्नानंतर लगेचच त्या तिथे फोन उचलायला म्हणून लागल्या आणि इतकी वर्षं "हॅलो" म्हणत राहिल्या, की घरी दाराची बेल वाजली तरी तोंडातून आधी तेच निघायचं. त्यांचं टेबल जिन्याखाली होतं. वर मालकांची खोली, समोर काचेपलीकडे मांडलेल्या गाद्या आणि मागच्या बाजूला खोळी शिवणाऱ्या बायकांच्या मशीनची घरघर. गिऱ्हाइकाचा फोन आला की ताई आधी सगळं ऐकून घ्यायच्या. गादी मधोमध खचली, गादी करकरते, नव्या गादीवर झोपल्यापासून नवरा घोरायला लागला.

"घोरण्याची वॉरंटी आम्ही देत नाही हो," असं त्या इतक्या गोड आवाजात सांगायच्या, की भांडायला निघालेला माणूस जाताना दोन उश्या घेऊन जायचा.

मग हळूहळू फोन वाजायचा थांबला. लोकांच्या तक्रारी संपल्या नव्हत्या, फक्त त्या आता दुकानाच्या पेजवर लिहून येऊ लागल्या होत्या. त्याच सुमारास मालकांचा पुतण्या शिकून परतला आणि दुकानाचं "ब्रँडिंग" बघायला लागला. लहानपणी हाच पोरगा शोरूममधल्या गाद्यांवर उड्या मारायचा आणि ताई त्याला बखोटीला धरून खाली उतरवायच्या. त्यामुळे चारचौघांत त्या त्याला "धाकटे मालक" म्हणायच्या आणि एकटा असला की सरळ "तू". एके दिवशी त्याने त्यांच्या हातात एक नवा मोबाइल ठेवला.

"ताई, लोक आता इथे ओरडतात. काम तेच, फक्त आवाज नाही."

अशा रीतीने हॅलोताई दुकानाच्या सोशल मीडिया झाल्या. घरी त्यांच्या नवऱ्याने, जो लिफ्टचा मेकॅनिक होता, विचारलं, "म्हणजे नक्की करतेस काय?"

"दिवसभर अनोळखी माणसांना उत्तरं देते."

"आणि आधी काय करायचीस?"

"तेच की."

"मग पेढे कसले वाटतेस, बस खाली."

कामाची पद्धत अशी होती. फोटोवाला फोटो काढायचा. डिझाइन करणारी मुलगी तिच्या घरी बसून तो सजवायची. मजकूर लिहिणारा एक लेखक होता, तो त्याच्या घरी बसून मजकूर लिहायचा. हे तिघं एकमेकांना क्वचितच भेटत. सगळं जुळून आलं की ते पुतण्याच्या मोबाइलवर जायचं आणि त्याने पसंतीचा अंगठा पाठवला की ताईंनी ते पेजवर सोडायचं. दुकानात त्यालाच "अंगठा येणं" म्हणत. शिकल्यासवरल्या माणसाचा कारभार अंगठ्यावर चालतो, यावरून मागच्या शिवणकाम करणाऱ्या बायका पोट धरून हसायच्या.

मालक सत्तरी ओलांडलेले. उभं आयुष्य गाद्या विकण्यात गेलं, पण त्यांना स्वतःला झोप म्हणून लागत नसे. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. त्यातून त्यांना एक हौस, दुकानाच्या प्रत्येक जाहिरातीत चेहरा आपलाच हवा. "माझ्या गादीवर भाड्याचा माणूस कशाला? त्याला माझ्या गादीचं काय पडलंय?"

नवी पांढऱ्या फुलांच्या खोळीची गादी बाजारात आणायची ठरली तेव्हाही तेच झालं. शोरूममध्ये दिवे लागले. मालक पोपटी शर्ट घालून आले आणि गादीवर आडवे झाले.

"हात छातीवर ठेवा," फोटोवाला म्हणाला. "डोळे मिटा. चेहरा शांत. थांबा हं, जरा दिवा बघतो."

फोटोवाला कामात फार चोख आणि त्याहून फार संथ. तो एक दिवा इकडे सरकवायचा, मागे जाऊन बघायचा, पुन्हा तिकडे सरकवायचा. दिव्यांची ऊब, मागच्या मशीनची घरघर, मऊ गादी. आणि कधी नव्हे ते मालकांना खरीखुरी झोप लागली. तोंड किंचित उघडं, हात छातीवर तसेच. त्यांना उठवायचा धीर कुणाला होईना. ताईंनी मागे जाऊन मशीन थांबवल्या, तर मालक चुळबुळले, म्हणून त्यांनी पुन्हा सुरू करायला लावल्या. फोटोवाल्याने चवड्यांवर चालत फोटो काढले. दिवे विझले तेव्हा मालकांचे डोळे उघडले.

"हं, मी तयार आहे," ते म्हणाले. "करा सुरू."

पुढचं सगळं ज्याने त्याने आपापल्या घरी केलं. पोपटी शर्ट डोळ्यांना बोचतो म्हणून पुतण्याने फोटो कृष्णधवल करायला सांगितला. कडा रिकाम्या वाटतात म्हणून डिझाइनवालीने खोळीवरची पांढरी फुलं उचलून फोटोभोवती गोल मांडली. लेखकाला फोटो कुणी दाखवलाच नाही. त्याला फोनवर एवढंच सांगितलं, "मालक, नवी गादी, शांत झोप. जरा भावनिक होऊ दे." त्याने ते मनावर घेतलं आणि लिहिलं:

"ज्यांनी आयुष्यभर तुमच्या झोपेची काळजी वाहिली, ते आज शांत झोपले. अशी झोप, जी आता कुणीच मोडू शकणार नाही."

त्याखाली दुकानाचा पत्ता आणि नेहमीची ओळ: "सहकुटुंब या. पार्किंगची सोय आहे."

सकाळी हे सगळं ताईंच्या मोबाइलवर येऊन पडलं. सोबत अंगठाही आलेला. ताईंनी पोस्ट पाहिली आणि त्यांना कसंसंच झालं. घराला कुलूप लावून खाली उतरल्यावर काहीतरी आत राहिलंय असं वाटावं, पण काय ते आठवू नये, तसं. मालक छान दिसत होते. शब्दही छान होते. शुद्धलेखन ठीक. मग खटकतंय काय? तेवढ्यात खड्डेवाले आले. म्हणजे खड्डेवाल्यांचा मेसेज आला. या गृहस्थांची गादी मधोमध खचली होती आणि ते गेले कित्येक महिने खड्ड्यात मुलाचा चेंडू ठेवून त्याचे फोटो पाठवत होते. चेंडू अजून खाली गेला हे त्यांना दाखवायचं होतं. ताईंनी पोस्ट पेजवर सोडली आणि त्यांना उत्तर द्यायला घेतलं.

चहा आला, पिऊन झाला. मग त्यांनी पुन्हा पेज उघडलं. पहिली कमेंट होती, "भावपूर्ण श्रद्धांजली." कुणी तरी चुकून आपल्याकडे लिहिलं बिचाऱ्याने, असं त्यांना वाटलं. दुसरी: "फार वाईट झालं. परवाच तर बोललो होतो." तिसरी: "देवमाणूस गेला." चौथी खड्डेवाल्यांची: "ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. माझ्या वॉरंटीचं आता कोण बघणार?"

ताईंनी पोस्ट वर ओढली. काळापांढरा फोटो. मिटलेले डोळे. छातीवर हात. भोवती फुलं. आता काय खटकत होतं ते त्यांना कळलं.

त्याहून वाईट पुढेच होतं. पुतण्याने पेजवर एक सोय करून ठेवली होती. कुणीही काहीही लिहिलं की लगेच आपोआप उत्तर जाई. त्यामुळे प्रत्येक श्रद्धांजलीखाली हसऱ्या चेहऱ्यासकट छापून येत होतं, "धन्यवाद! तुमचा आनंद हाच आमचा आनंद!"

"आनंद?" कुणीतरी लिहिलं होतं. "माणूस जाऊन दिवस नाही झाला आणि आनंद?"

"धन्यवाद! तुमचा आनंद हाच आमचा आनंद!"

"पुतण्याला धंदा मिळाला, तो नाचणारच," आणखी एकाने लिहिलं.

"धन्यवाद! तुमचा आनंद हाच आमचा आनंद!"

ताईंनी पुतण्याला फोन लावला. तो गाडी चालवत होता, उचलेना. ते आपोआप जाणारं उत्तर बंद कसं करायचं ते त्यांना माहीत नव्हतं आणि पोस्ट काढून टाकावी तर ज्यांनी पाहिली ते म्हणणार, लपवताहेत. शेवटी त्यांनी पदर खोचला आणि जिना चढल्या. मालक चहात बिस्किट बुडवत बसले होते.

"मालक, एक सांगायचं होतं."

"सांगा."

"तुम्ही गेलात."

"कुठे?"

"म्हणजे... कायमचे."

"दुकान सोडून? कोण म्हणतं?"

"नाही हो. वारलात."

बिस्किट चहात पडलं. मालकांनी ते पडू दिलं.

"कधी?"

"आज सकाळी. आपल्याच पेजवर."

मालकांनी मोबाइल हातात घेतला, चष्मा कपाळावर सारला आणि फोटोकडे बघत राहिले. आता यांचा स्फोट होणार, म्हणून ताई दाराजवळ सरकल्या. पण मालक हळू आवाजात म्हणाले, "मी असा झोपतो?"

"त्या दिवशी झोपला होतात खरे."

"चांगला दिसतोय की." मग भानावर येऊन, "हा काय चावटपणा आहे? कुणी केला?" असं ओरडले. आणि लगेच, "लोक काय म्हणतायत? वाचा."

ताई वाचू लागल्या. "दिलदार माणूस."

"हा कोण? मी ओळखत नाही. पुढे."

"शिस्तीचा भोक्ता. शब्दाचा पक्का."

"हं. हे बरोबर आहे. पुढे."

"जरा चिकट होता, पण गादी खणखणीत द्यायचा."

"चिकट? मी? लिहा त्याला, मी चिकट नाही."

"मालक, गेलेल्या माणसाने कसं लिहायचं?"

खाली दारात एवढ्यात गलका झाला. मालकांची थोरली बहीण आली होती. घरातल्या सपाता तशाच पायात, केस अर्धे विंचरलेले. "अरे माझ्या भावा, मला न सांगता रे कसा गेलास," असा टाहो फोडत ती जिना चढली, दार लोटलं आणि समोर बघते तर भाऊ चमच्याने कपातलं बिस्किट शोधतोय.

ती चवताळून म्हणाली, "मेल्या, जिवंत आहेस होय!" आणि त्याला अशी काही मिठी मारली, की उरलेला चहा दोघांच्या अंगावर सांडला.

दुकानात आता रांग लागली होती. जुनी गिऱ्हाइकं, शेजारचे दुकानदार. त्यात फोटोवालाही होता. पोस्ट बघून त्यालाही खरंच वाटलं होतं आणि तो ज्याला त्याला घोगऱ्या आवाजात सांगत होता, "त्यांचा शेवटचा फोटो माझ्या हातून व्हावा, हे माझं भाग्य." लेखकाने तर स्वतःच्याच मजकुराखाली "शब्द अपुरे पडतात" असं लिहिलं होतं. आपण लिहिलेलं त्याला ओळखू आलं नव्हतं.

मग समोरच्या रस्त्यावरचे गादीवाले आले. हे एके काळी मालकांचे भागीदार. गादीत स्प्रिंग घालावी की कापूसच बरा, यावरून दोघांचं फाटलं ते फाटलंच. तेव्हापासून एकमेकांच्या दुकानावरून जाताना दोघं मान दुसरीकडे वळवत. आज ते एक मोठं पुष्पचक्र घेऊन ताईंच्या टेबलाशी उभे राहिले आणि लहान मुलासारखे रडू लागले.

"ताई, चूक माझी होती. स्प्रिंगचं त्याचंच बरोबर होतं. मी आजवर कबूल केलं नाही."

"अहो, ऐका तर," ताई सांगू लागल्या, पण ते काही ऐकेनात. जिन्याच्या वरच्या पायरीवरून मात्र आवाज आला.

"काय म्हणालास? स्प्रिंगचं पुन्हा म्हण."

भागीदारांनी वर बघितलं. डोळे पुसले. पुन्हा बघितलं.

"तू आहेस?"

"आहे."

"मग मी काहीच म्हणालो नाही," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. पुष्पचक्र मात्र त्यांनी मांडीवर धरून ठेवलं.

इतक्यात पुतण्या घामाघूम होऊन आला. त्याने आधी ते आपोआप जाणारं उत्तर बंद केलं आणि मग सगळ्यांना वर मालकांच्या खोलीत बोलावलं. फोटोवाला होताच. डिझाइनवाली धावत आली. लेखक फोनवर होता.

"जबाबदार कोण?" पुतण्याने विचारलं.

"मी रंगीत फोटो दिला होता," फोटोवाला म्हणाला. "रंगीत फोटोत ते जिवंत होते."

"मला काळापांढरा मिळाला," डिझाइनवाली म्हणाली. "फुलं तर गादीच्या खोळीवरचीच आहेत. आपलाच माल आहे."

"मी झोपेवर लिहिलं," फोनमधून लेखक म्हणाला. "झोपले म्हणजे झोपले. तुम्ही त्याचा काय अर्थ काढला, त्याला मी काय करू?" एवढं बोलून त्याचा फोन कट झाला आणि पुन्हा काही लागला नाही.

मग सगळे ताईंकडे बघू लागले. बटण त्यांनी दाबलं होतं.

पुतण्याने येता येताच एक खुलासा लिहून आणला होता. तो त्याने वाचला: "आमचं पेज हॅक झालं होतं. झाल्या प्रकारास जबाबदार असलेल्या कर्मचाऱ्याला तातडीने कामावरून कमी करण्यात आलं आहे."

"हॅक झालं तर काढलं कुणाला?" मालकांच्या बहिणीने विचारलं.

"आत्या, तू यात पडू नको. असं लिहायची पद्धत असते." मग तो ताईंकडे वळला. त्याचा आवाज खाली आला. "ताई, खरंच काढायचं वगैरे नाही हो. नुसतं म्हणायचं. थोडे दिवस घरी बसा, लोक विसरले की या. तर हे एवढं पेजवर टाका," म्हणत त्याने कागद त्यांच्या हातात दिला.

ताईंनी त्याच्याकडे बघितलं. "मला काढल्याचं मीच टाकायचं?"

"पासवर्ड तुमच्याकडेच आहे ना."

"मग मला काढलंय, तर हे टाकतंय कोण?"

ताई उठल्या, जिना उतरून मागच्या दाराने गल्लीत गेल्या. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं, पण आलं नाही, नुसते कान तापले होते. इतकी वर्षं लोकांचे शिव्याशाप त्यांनी ऐकले ते दुकानासाठी. आज दुकानानेच त्यांना पुढे केलं होतं. त्यांनी नवऱ्याला फोन लावला. तो कुठल्याशा इमारतीत लिफ्टच्या भुयारात उतरलेला होता, त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता.

"अहो, मला काढतायत. खोटं खोटं."

"खोटं कसं काढतात?"

ताईंनी सगळं सांगितलं. मालक गेले हे ऐकून तो हळहळला, जिवंत आहेत हे ऐकून मोठ्याने हसला, मग म्हणाला, "बघ, लिफ्ट अडकली की माझ्याभोवती हीच जत्रा असते. शेवटचं बटण कोणी दाबलं, आधी कोण चढलं, जाड माणूस कोण. मी म्हणतो, भांडण नंतर करा, आधी आतला माणूस बाहेर काढू."

"आणि बटण दाबणाऱ्याचं काय?"

"त्याने दाबलं असेल तर दाबलं म्हणावं. त्यात कसली लाज? पण दोरी मी कुरतडली असं काही म्हणू नये."

ताई परत वर आल्या. त्यांनी कागद पुतण्यासमोर ठेवला.

"हे मी टाकणार नाही. पेज हॅक झालेलं नाही आणि मला कुणी काढलेलं नाही. मालक जिवंत आहेत, आधी ते लोकांना सांगू या. त्यांनाच बोलू दे."

मालकांना ही कल्पना एकदम पसंत पडली. ते लगेच भांग पाडायला लागले. लाइव्ह करायचं ठरलं. खाली शोरूममध्ये त्याच पांढऱ्या गादीवर ते ताठ बसले, अगदी जिवंत दिसावं म्हणून पाय हलवत. ताईंनी मोबाइल धरला.

"मी जिवंत आहे," मालक कडाडले.

कमेंट आली, "जुना व्हिडिओ आहे."

"जुना कसा? हे बघा आजचं वर्तमानपत्र."

"वर्तमानपत्र कॉम्प्युटरवर चिकटवलंय. हल्ली सगळं करतात."

"घरच्यांनी निदान आजचा दिवस तरी धंदा बंद ठेवायचा होता," आणखी एकीने लिहिलं.

मालक संतापाने लाल झाले. तेवढ्यात खड्डेवाल्यांचा मजकूर वर आला: "मालक खरंच असतील तर माझी गादी बदलून देतो म्हणावं."

"देतो!" मालक ओरडले. "उद्याच्या उद्या बदलून देतो. झालं?"

खड्डेवाल्यांचंच उत्तर आलं: "हा माणूस मालक नाही. मालक कधीच गादी बदलून देत नव्हते."

त्यावर धडाधड पाठिंबा येऊ लागला. आमचीही नाही दिली. आमच्या उशीचंही तेच. शेवटी भागीदार खुर्चीवरून उठले, पुष्पचक्रासकट येऊन मालकांशेजारी गादीवर बसले आणि मोबाइलकडे बघून म्हणाले, "मला ओळखता ना? समोरच्या दुकानाचा. हा मेला असता तर सगळ्यांत आधी मी गिऱ्हाइकं पळवली असती. हा आहे. याची गादी अजून वाईटच आहे."

"तुझ्या कापसापेक्षा बरी!" मालक म्हणाले.

आणि ते दोघे तिथेच, सगळ्यांदेखत, स्प्रिंग आणि कापसावरून हमरीतुमरीवर आले. हे भांडण ज्यांनी आधी ऐकलं होतं, त्यांना खात्री पटली. "मालकच आहेत," लोक लिहू लागले. "आवाज तोच. शिव्या त्याच."

मग कुणीतरी विचारलं, "पण ही पोस्ट टाकली कुणी?"

मोबाइलमागून पुतण्या हातवारे करत होता, चौकशी चालू आहे म्हणा. मालकांनी तोंड उघडायच्या आत ताईच बोलल्या. त्या दिसत नव्हत्या, फक्त आवाज गेला. तोच, ज्याने कित्येक वर्षं तक्रारी ऐकल्या होत्या.

"बटण मी दाबलं. बघताना काहीतरी खटकलं होतं. थांबायला हवं होतं, थांबले नाही. तुम्हाला उगाच रडवलं, त्याची माफी मागते."

पुष्कळांनी आवाज ओळखला. "हॅलोताई!" कुणी लिहिलं. "अजून तिथेच आहात?" कुणी विचारलं, त्या फोनवर का येत नाहीत आता. डिझाइनवाली कोपऱ्यात उभी होती, ती पुढे येऊन म्हणाली, "फुलं मी लावली होती." फोटोवाला मात्र दिवा नीट करण्यात एकदम गुंतून गेला.

"आणि झोपलो मी होतो," मालक म्हणाले. "पण खरं सांगू? मला हा फोटो दाखवला असता ना, तर मीसुद्धा हो म्हणालो असतो. झोपेत मी बरा दिसतो."

संध्याकाळी दुकान आवरताना पुतण्या ताईंच्या टेबलाशी आला. उगाच स्टेपलर उघडमीट करत राहिला.

"ताई, अंगठा मी न बघताच दिला होता. गाडीत होतो. सिग्नलला."

"माहीत आहे."

"कसं?"

"तू बघितलं असतंस तर काकांच्या फोटोवर काहीतरी तिरकं बोलला असतास. तुला राहवत नाही."

तो हसला. मग म्हणाला, "कुणाला सांगू नका."

"मी कशाला सांगू? सांगायचं ते तू सांग."

तो स्टेपलर ठेवून वर गेला. दार उघडंच होतं, त्यामुळे खाली सगळं ऐकू आलं. पुतण्याने सांगितलं.

"शाळेत असताना तू माझ्याकडे सह्या घ्यायला यायचास," मालक म्हणाले. "प्रगतीपुस्तक, पालकांची चिठ्ठी. मी कधी वाचलं नाही. सही ठोकून द्यायचो. आपल्या घरात हे असंच चालत आलंय."

"त्यातल्या दोन चिठ्ठ्या मला शाळेतून काढण्याबद्दल होत्या, काका."

"काय?"

खाली हॅलोताईंना हसू आवरेना. त्यांनी पिशवी उचलली आणि दिवा मालवला.

त्यांना कुणी काढलं नाही. उलट पेजवर काहीही जायचं तर आधी त्यांच्या टेबलाशी सगळ्यांनी यावं, ते नीट बघावं आणि तोंडाने सांगावं की बघितलं, असा नियम झाला. अंगठा बंद झाला. याचा एक तोटा असा झाला, की पोस्टी फार कमी निघू लागल्या. एका उशीच्या फोटोवरून एक अख्खी दुपार गेली. उशी पांढरी आहे, हे चालेल का? एकटीच आहे, हे उदास वाटतं का? डिझाइनवालीने एकाच्या दोन उश्या केल्या, तर फोटोवाला म्हणाला, आता त्यांचं भांडण झाल्यासारखं वाटतं. लेखक आता प्रत्येक फोटो स्वतः बघायचा हट्ट धरत होता आणि बघून झाल्यावर त्याला काहीच सुचत नव्हतं.

खड्डेवाल्यांना नवी गादी मिळाली. त्यांनी तिच्यावर चेंडू ठेवून फोटो पाठवला. चेंडू घरंगळून खाली पडला होता. खाली लिहिलं होतं, "उत्तम. पण जरा कडक आहे."

ताईंनी त्यांना काय उत्तर द्यावं याचा थोडा विचार केला. मग लिहायचं सोडून त्यांचा नंबर शोधला आणि सरळ फोन लावला.